टबाचा जुना नळ बदलताना

प्रश्न : आमचा फ्लॅट जुना आहे. टबाच्या नळाचे क्रोम उडाले असून शॉवर लावला तरी खालून पाणी गळते. फक्त नळ बदलता येईल का? भाच्याने अमेरिकेहून एक आणून दिला आहे.

उत्तर : येईल, टाइल न फोडता. शॉवरची कळ नळावरच असेल तर आतले वॉशर झिजले आहे. नवा नळ लावला की गळती थांबेल. भाच्याचा नळ मात्र बाजूला ठेवा. अर्ध्या इंचाला तिकडचे आणि आपले आटे इंचाला १४च असतात, पण त्यांचा कोन ६० अंश, आपला ५५. त्यामुळे नळ बसल्यासारखा वाटतो आणि नंतर झिरपतो.

खरी भीती भिंतीतल्या गंजक्या जीआय पाइपची. मेन कॉक बंद करा, सांध्यात गंज सोडवणारे तेल सोडा, रात्रभर थांबा. पान्याला लांब पाइप घालून जोर लावणारा प्लंबर दिसला तर थांबवा. निप्पल, म्हणजे नळ ज्यावर बसतो तो पाइपचा आखूड तुकडा, आत तुटले की टाइल फुटणारच. आटे ब्रशने घासून टेफ्लॉन टेप घट्ट करण्याच्या दिशेनेच गुंडाळा. निप्पलचे टोक भिंतीत खोल राहून नळ त्यावर पोचत नसेल तर एक्स्टेन्शन मिळते.