गणपतीत बी, दसऱ्याला रोप : रत्नागिरीत चेरी टोमॅटो

भात पोटरीत आलेलं असतं, पावसाच्या सरी अजून सुरू असतात आणि घराघरात गौरी-गणपतीची गडबड असते. रत्नागिरीत हरितगृहात चेरी टोमॅटो घ्यायचा असेल, तर बी टाकायची हीच वेळ. भाद्रपदात ट्रेमध्ये बी पडलं की पंचवीस-तीस दिवसांत, म्हणजे दसऱ्याच्या आसपास, रोप लागवडीला येतं आणि डिसेंबरच्या मध्यापासून तोडा सुरू होतो. टोमॅटोचं फळ धरायला रात्रीचं तापमान 15 ते 21 अंशांच्या दरम्यान लागतं. आपल्या किनाऱ्यावर तशा रात्री मुख्यतः डिसेंबर ते फेब्रुवारीत मिळतात. उशीर केलात तर झाड ऐन बहरात मार्चच्या उकाड्यात सापडतं आणि फुलं गळतात.

चेरीच्या उंच, म्हणजे अमर्याद वाढणाऱ्या जातीचा शेंडा थांबत नाही. झाड महिनोन्‌महिने वर जात राहतं आणि प्रत्येक दोन-तीन पानांमागे एक घोस देतं. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची ‘पुसा चेरी टोमॅटो-1’ ही अशीच, संरक्षित शेतीसाठी काढलेली जात आहे. खाजगी कंपन्यांचे संकरित वाणही मिळतात. मात्र बियाण्याच्या पाकिटावर वाढीचा प्रकार वाचूनच घ्या. बुटकी जात हरितगृहात लावली तर वरची सगळी उंची वाया जाते.

नाशिक-पुण्याचं हरितगृह पाहून आपल्याकडे तसंच उभारायची घाई करू नका. पंखे आणि ओल्या पडद्याची थंडावा यंत्रणा कोरड्या हवेत काम करते. आपल्या दमट हवेत ती वीज खाते आणि ओलावा वाढवते. आपल्याला हवं छताला मोठी खिडकी असलेलं, उंच आणि नैसर्गिक वारा खेळणारं हरितगृह. बाजूला 40 मेशची कीटकरोधक जाळी लावा, म्हणजे पानमुरडा पसरवणारी पांढरी माशी आत येणार नाही. सकाळी बाजूचे पडदे गुंडाळायला विसरू नका. बंद हरितगृहात सकाळी आठलाच पानांवर थेंब साचतात आणि करपा तिथेच सुरू होतो. पाया आणि सांगाड्यावर पैसे वाचवू नका. 3 जून 2020 च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने मंडणगड-दापोलीत काय केलं आणि 2021 च्या मेमध्ये ‘तौक्ते’ने किनाऱ्याला कसं झोडपलं, ते आपण पाहिलं आहे. दोन्ही वादळं हंगामाच्या शेवटी आली. म्हणून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पीक काढून मोकळं व्हायचं नियोजन ठेवा. शासकीय अनुदान घ्यायचं असेल, तर महाडीबीटीवर अर्ज करून पूर्वसंमती हातात आल्यावरच पहिला खांब रोवा.

आता खऱ्या शत्रूकडे येऊ. कोकणात टोमॅटो बुडवतो तो जिवाणूजन्य मर रोग. आपली जांभी माती आम्लधर्मी, ओली आणि उबदार असते, त्यामुळे हा जिवाणू तिच्यात वर्षानुवर्षे टिकून राहतो. काल ताठ उभं असलेलं हिरवंगार झाड आज दुपारी मान टाकतं आणि दोन-तीन दिवसांत जातं. पान पिवळंही पडत नाही. पाणी कमी पडलं असं वाटून शेतकरी पाणी वाढवतो आणि रोग शेजारच्या झाडाकडे जातो. खात्री करायची असेल तर झाडाचा जमिनीलगतचा बोटभर तुकडा कापा आणि काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात तो लोंबता धरा. मिनिटा-दोन मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधाळ धागा खाली उतरताना दिसला, तर तो मर रोगच. यावर फवारणी नाही. ते झाड मुळासकट काढायचं, पिशवीत घालून बाहेर न्यायचं आणि जाळायचं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे : रत्नागिरीत चेरी टोमॅटो जमिनीत लावू नका. पिशवीत लावा, कोकोपीटमध्ये. हरितगृह कातळावर उभं केलं तरी चालेल, कारण मातीची गरजच राहत नाही. एका झाडाला 15-20 लिटरची पिशवी पुरे होते, आणि पाच किलोची वीट भिजल्यावर साधारण 70-75 लिटर होते. कोकोपीट ज्यापासून बनतं त्या नारळाच्या सोडणाची आपल्याकडे वाण नाही. पण किनाऱ्यावरच्या काथ्याच्या भुशात मीठ असतं आणि तिथेच माणसं फसतात. भुसा गोड्या पाण्याने तीन-चार वेळा धुवा, मग कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात एक दिवस भिजत ठेवून परत धुवा. निघणाऱ्या पाण्याची क्षारता (ईसी) मीटरवर 1 मिलिसीमेन्स/सेमीच्या खाली आली की मगच रोप लावा.

जमिनीतच लावायचं असेल तर वांग्याच्या मर-सहनशील खुंटावर टोमॅटोचं कलम करा. कोयकलमं बांधणाऱ्या हातांना हे अवघड नाही. वांग्याचं बी टोमॅटोच्या आधी आठवडाभर टाका, दोन्हींची जाडी जुळली की तिरपा काप घेऊन क्लिप लावा आणि सात-आठ दिवस सावलीत, भरपूर ओलाव्यात ठेवा. भाद्रपदाची दमट हवा इथे उपयोगीच पडते. लावताना मात्र सांधा मातीच्या वर राहिला पाहिजे, नाहीतर टोमॅटोलाच मुळं फुटतात आणि कलमाचा फायदा जातो.

पाण्याचा हिशेब बघा. दहा गुंठ्यांचं छप्पर म्हणजे सुमारे हजार चौरस मीटर, आणि आपला पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. एका पावसाळ्यात त्या छपरावर तीस लाख लिटर पाणी पडतं. दोन हजार झाडांना रोज दीड लिटर धरलं तरी दोनशे दिवसांना सहा लाख लिटर पुरतात. पन्हळी लावून अस्तर घातलेल्या तळ्यात हे पाणी साठवा. खाडीकाठच्या विहिरीच्या मचूळ पाण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं. खतं ठिबकमधून द्या, पण कॅल्शियम नायट्रेट आणि सल्फेट-फॉस्फेटची खतं एका टाकीत कालवू नका, साका धरून ठिबकची तोंडं बंद होतात. पाणी थोडं थोडं, दिवसातून अनेक वेळा द्या. एक दिवस कोरडं आणि दुसऱ्या दिवशी भरपूर, असं झालं की चेरीची फळं फुटतात.

झाड सुतळीवर एका खोडाने वर न्या. बगलफुटी बोटभर झाल्या की कोरड्या सकाळी हातानेच मोडा. कात्रीने कापाल तर रोग झाडोझाडी न्याल, असं समजा. तंबाखू मळणाऱ्या मजुराने साबणाने हात धुतल्याशिवाय झाडाला हात लावू नये, कारण मोझॅकचा विषाणू त्या हातांनीच येतो. खालचे घोस तोडून झाले की त्याखालची पानं काढा आणि वरच्या तारेवरची जादा सुतळी सोडून झाड खाली उतरवा. आत वारा आणि मधमाश्या कमी, म्हणून फुलोऱ्यात रोज दहा-अकराच्या सुमारास, हवा थोडी कोरडी झाल्यावर, तारेवर काठीने हलके ठोके द्या, म्हणजे पराग झडतात. टुटा ही पान पोखरणारी अळी 2014 मध्ये महाराष्ट्रातच देशात पहिल्यांदा आढळली. तिच्यासाठी लागवडीच्या दिवसापासून कामगंध सापळे टांगा.

फळ देठासकट तोडा, एक दिवसाआड. हा माल क्रेटने बाजार समितीत नेण्याचा नाही. त्याचं गिऱ्हाईक गणपतीपुळ्याच्या हॉटेलांत, गोव्यात, मुंबईत आहे आणि त्याला पाव किलोची स्वच्छ डबी दर आठवड्याला, न चुकता हवी असते. यंदा दोन गुंठ्यांवरच सुरुवात करा, आणि बी टाकण्याआधी दोन हॉटेलवाल्यांशी बोलून या.