आचार्य माझे रूम पार्टनर

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. एम-थ्रीमध्ये केटी लागली त्या सुट्टीत 'लीलावती'चं मराठी भाषांतर हाती लागलं, आणि तेव्हापासून डोक्यात एकच खूळ आहे : भास्कराचार्य हॉस्टेलमध्ये माझे रूम पार्टनर असते तर?

तसे ते आपल्याला परके नाहीत. जन्म १११४चा. चाळीसगावजवळ पाटणला एक शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने (संत चांगदेव वेगळे), तिथे मठ काढला असं त्यात कोरलंय. पायथागोरस कुठल्या बेटावरचा हे मला शाळेपासून पाठ आहे. पाटण मात्र विसाव्या वर्षी कळलं!

तर कल्पना करा. पेपरची आदली रात्र. सगळी विंग झेरॉक्स घेऊन पाठ करतेय आणि आचार्य कॉटवर निवांत. (रूम पार्टनरला अहो-जाहो कोण करतं? पण 'आचार्य' हे नाव विंगने पाडलेलंच असणार.) मी म्हणतो, "आचार्य, फॉर्म्युला सांग ना पटकन."

तो फॉर्म्युला सांगतच नाही. 'लीलावती'त तो वाचणाऱ्याला मित्रा, सखे असं म्हणून गणित घालतो, तसंच मलाही घालतो. "मित्रा, ३२ हात उंच वेळू वाऱ्याने मोडला. शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकला. मोडला किती उंचीवर?"

मी लगेच क्ष धरला, पायथागोरस लावला, कंस सोडवले, वर्ग उडवले. सहा ओळींनंतर १२ आले. कॉलर ताठ!

आचार्य म्हणतो, "वेळू मोडला तरी लांबी कुठे गेली? उभा भाग आणि तिरका भाग मिळून ३२च. दोघांच्या वर्गांतला फरक म्हणजे १६चा वर्ग, २५६. आणि वर्गांतला फरक म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी. २५६ला ३२ने भाग, वजाबाकी आली ८. बेरीज ३२, वजाबाकी ८. झालं की, २० आणि १२."

खरं सांगतो, पुस्तकातली ही रीत वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. हे सूत्र मला आठवीपासून येतं, पण ते वेळूत दिसलं नाही. प्रश्नात मेथडचं नाव छापलेलं असलं तरच माझं पेन चालतं. एम-थ्रीच्या पेपरात ते छापलेलं नव्हतं, एवढंच झालं.

आता आचार्य आपल्याकडे पास झाला असता का? मला शंकाच आहे. संख्येला शून्याने भागलं की अनंत राशी, 'खहर', इथपर्यंत ठीक. पण तिला परत शून्याने गुणलं की मूळ संख्या मिळते म्हणाला, की एक्झामिनरचं लाल पेन निघालंच, आणि ते बरोबरच आहे. उलट, कुठल्या पूर्ण संख्येच्या वर्गाला ६१ने गुणून १ मिळवला की पुन्हा पूर्ण वर्ग येतो, हे त्याने चक्रवाल पद्धतीने हाताने काढलं. सगळ्यात लहान उत्तर २२,६१,५३,९८०, आणि येणारा वर्ग १,७६,६३,१९,०४९चा! हाच ६१चा प्रश्न फर्माने युरोपातल्या गणितज्ञांना १६५७ साली घातला होता. आचार्य तोवर पाचशे वर्षांनी सीनियर.

वेळू कळला असेल तर हे करून बघा. त्याच्याच पुस्तकातलं आहे. कमळ पाण्याच्या वर अर्धा हात दिसतंय. वाऱ्याने कललं आणि दोन हातांवर बुडालं. पाणी किती खोल? या वेळी बेरीज नाही, वजाबाकी दिलीय. क्ष धरायचा नाही. उत्तर मी इथे देत नाही, मेसमध्ये भेटा.