सोलरमध्ये स्कोप आहे का?

दहावीचा निकाल लागला की पुढचे तीन आठवडे माझ्यासमोरच्या खुर्च्या रिकाम्या राहत नाहीत. मुलगा गप्प असतो, आई मार्कशीटच्या प्लॅस्टिकच्या पिशवीशी चाळा करत असते आणि बोलतात ते वडील. यंदा साक्रीकडून आलेल्या एका गृहस्थांनी बसता बसताच विचारलं, "सर, सोलरमध्ये स्कोप आहे का? आमच्याकडे जिकडे बघावं तिकडे प्लेटा लागतायत."

त्यांचं चुकत नव्हतं. साक्री तालुक्यात महानिर्मितीचा 125 मेगावॉटचा सौर प्रकल्प 2013 पासून उभा आहे. ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या त्याच्याही आधीपासून फिरतायत. माणूस रोज हे पाहतो आणि आपल्या पोराला यात जागा आहे का, असं त्याच्या मनात येतंच. पण पुढे ते जे म्हणाले त्याने मी सावध झालो. शहरातल्या एका संस्थेने त्यांना तीन महिन्यांचा 'ग्रीन एनर्जी' कोर्स सांगितला होता, फी पन्नास हजारांच्या वर, आणि वर 'शंभर टक्के नोकरी'चा शब्द. त्यासाठी ते घरची म्हैस विकायला निघाले होते.

म्हणून आधी एक गोष्ट सगळ्याच पालकांना सांगतो. गावाजवळ मोठा सौर प्रकल्प आला म्हणजे गावात तेवढ्या नोकऱ्या आल्या, असं होत नाही. प्रकल्प उभा राहताना खांब रोवायला, प्लेटा बसवायला, केबल ओढायला शेकडो हात लागतात. तो एकदा चालू झाला की उरतात मोजके तंत्रज्ञ, प्लेटा धुणारे आणि पहारेकरी. काम खरं वाढतं ते विखुरलेल्या सौर यंत्रणांमध्ये. घरांच्या गच्च्यांसाठी केंद्राची 'पीएम सूर्यघर' योजना फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली. तिचं उद्दिष्ट एक कोटी घरांचं आहे आणि तीन किलोवॉटच्या यंत्रणेला 78,000 रुपयांचं अनुदान मिळतं. आपल्या राज्यात 'मागेल त्याला सौर कृषी पंप' आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीच्या उपकेंद्रांजवळ छोटे-छोटे प्रकल्प होतायत, म्हणजे ते दोन-तीन जिल्ह्यांत साचलेले नाहीत. हे सगळं पुढची वीस-पंचवीस वर्षं कुणालातरी तपासावं लागणार, दुरुस्त करावं लागणार. इन्व्हर्टर बंद पडला तर तालुक्याच्या गावातून तासाभरात पोहोचेल असा माणूस हवा.

तो माणूस कसा घडतो, हे मी एका गच्चीवर पाहिलं. माझ्या नात्यातल्या एका घरी तीन किलोवॉटची यंत्रणा बसवली होती, सहा प्लेटा. वर्षभरात बिल पुन्हा वाढलं आणि दुपारी गच्चीवर जळका वास येऊ लागला. तपासायला आलेला मुलगा आयटीआयचा वीजतंत्री होता, वय बावीस-तेवीस असेल. त्याने कुठेही थेट हात घातला नाही. आधी इन्व्हर्टरची एसी बाजू बंद केली, मग डीसीचा आयसोलेटर. क्लॅम्पमीटर लावून तारेत करंट शून्य आहे याची खात्री केली आणि मगच जोड उघडला. आत प्लॅस्टिक वितळून काळं पडलं होतं. बसवणाऱ्याने क्रिंपिंगचं अवजार न वापरता साध्या पक्कडीने टोक दाबलं होतं. जोड सैल राहिला आणि तापत गेला.

मी विचारलं, घरातल्या बोर्डात सैल वायर असते तेव्हा इतकं कुठे होतं? त्याने समजावलं. घरातली एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे ठिणगी आपोआप विझायला वाव मिळतो. डीसी शून्यावर येतच नाही, तिची ठिणगी पेटली की पेटतीच राहते. सहा प्लेटा एकामागे एक जोडल्या की तीनशे व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि ऊन आहे तोवर प्लेट 'बंद' करता येत नाही. हे त्याला कुठल्या दीड महिन्याच्या सर्टिफिकेटने शिकवलं नव्हतं. दोन वर्षं वीजतंत्रीचा पाया, त्यावर सौरचं प्रशिक्षण आणि वर्षभराची शिकाऊ उमेदवारी, असा त्याचा प्रवास होता.

माझं सांगणं एवढंच आहे. 'हरित रोजगार' नावाचा वेगळा व्यवसाय शोधत बसू नका. जुनाच व्यवसाय नीट शिका आणि त्यावर नव्या कामाचा थर चढवा. वीजतंत्री, तारतंत्री, जोडारी, संधाता, मोटार मेकॅनिक हे पाये आहेत. आयटीआयमध्ये आता सोलर टेक्निशियन आणि इलेक्ट्रिक वाहन मेकॅनिक हे ट्रेडही आलेत, तेही चांगले. पण मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा असेल आणि निवड करायची असेल, तर मी दोन वर्षांच्या वीजतंत्रीला पहिली पसंती देतो. सौरचं काम मंदावलं तरी त्याला कारखाना आहे, महावितरण आहे, स्वतःचा धंदा आहे. थर कुठे चढवायचा? केंद्राच्या 'सूर्यमित्र' कार्यक्रमाची आखणीच मुळी आयटीआय झालेल्या मुलांसाठी, सहाशे तासांच्या निवासी प्रशिक्षणाची होती. तसं सरकारी किंवा मान्यताप्राप्त प्रशिक्षण जिल्ह्यात कुठे चालू आहे, ते जवळच्या आयटीआयच्या प्राचार्यांना जाऊन विचारा. पैसे भरण्याआधी विचारा.

खासगी कोर्सला जायचंच असेल तर फीची पावती फाडण्याआधी तिथली कार्यशाळा पाहा. प्रत्यक्ष इन्व्हर्टर उघडायला देतात का? सेफ्टी बेल्ट लावून उतरत्या छपरावर काम करायला शिकवतात का? गेल्या वर्षीच्या चार मुलांचे फोन नंबर देतात का? नंबर द्यायला कुणी टाळाटाळ करत असेल तर तिथून उठा.

पगाराचं खरं सांगायला हवं. पहिली दोन वर्षं पैसा बेताचा असतो, ऊन पाठीवर असतं आणि रोज वेगळं गाव असतं. पुढचा जिना मात्र उघडा आहे, आणि पालकांना नेमका तोच माहीत नसतो. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केला की पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो आणि पदविकेनंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. आयटीआय म्हणजे शिक्षण संपलं, ही समजूत कितीतरी हुशार मुलांना नको त्या शाखेत ढकलते.

गाड्यांचं क्षेत्र याच वाटेवर आहे. 1 जून 1948 ला एसटीची पहिली गाडी पुणे-अहमदनगर धावली. त्याच मार्गावर 1 जून 2022 ला विजेवरची 'शिवाई' धावली. गॅरेजमध्ये वाढलेल्या मुलाला वाटतं, आता इंजिनच नाही तर आपलं काय काम? काम आहे, फक्त त्याचा धोका बदललाय. या गाड्यांतल्या नारिंगी केबल उच्च दाबाच्या असतात. सर्व्हिस प्लग काढायचा, साठलेला दाब उतरेपर्यंत थांबायचं, रोधक हातमोजे तपासूनच घालायचे. ब्रेक, सस्पेन्शन, टायर जुनेच आहेत. जुन्या मिस्त्रीलाही हा नवा भाग शिकवता येतो आणि ते राज्याने मनावर घ्यायला हवं. अठरा वर्षांच्या मुलांसाठी कोर्स काढणं सोपं असतं. चाळिशीतल्या मिस्त्रीला रोजंदारी बुडू न देता संध्याकाळी शिकवणं अवघड आहे, आणि गरज त्याचीच जास्त आहे.

चंद्रपूरचे पालक भेटतात तेव्हा त्यांचा प्रश्न उलटा असतो. 2,920 मेगावॉटचं महाऔष्णिक केंद्र आणि भोवतालच्या कोळसा खाणी यांच्यावर तिथली घरं उभी आहेत. "आमचं बंद होणार का?" हे ते हळू आवाजात विचारतात. उद्या सकाळी काही बंद होत नाही. पण आज सोळा वर्षांच्या मुलाची नोकरी 2065 पर्यंत चालायची आहे, हा हिशोब मांडलाच पाहिजे. त्या मुलाने बॉयलरपेक्षा स्विचयार्ड, रिले आणि नियंत्रण यंत्रणेकडे वळावं असं मी सुचवतो. स्विचयार्डात आलेली वीज कोळशाची असो की उन्हाची, ती हाताळण्याचं कौशल्य तेच राहतं.

वाणिज्य शाखेच्या मुलांनाही इथे दार आहे. बाजारमूल्याने पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना सेबीच्या नियमाने 2022-23 पासून पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा सविस्तर अहवाल द्यावा लागतो. किती वीज वापरली, किती पाणी, किती कचरा, हे सगळं बिलांवरून जुळवावं लागतं. हिशोबाची नजर असलेली बीकॉमची मुलगी हे काम उत्तम करेल. विज्ञान शाखेत रसायनशास्त्राची आवड असेल, तर मद्यार्क तंत्रज्ञानासाठी मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. इथेनॉलमुळे साखर कारखान्यांना ही माणसं लागतातच.

आणि मुली? "गच्चीवर कशी चढणार?" हे आईच विचारते. पुण्यात 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या कष्टकरी बाया वर्षानुवर्षं घरोघरचा कचरा गोळा करून शहराचं पर्यावरण सांभाळतायत. त्यांना कुणी अवघड जाईल का म्हणून विचारलं नाही. त्यांच्या मुलींना बेल्ट, हेल्मेट, बूट आणि वीजतंत्रीचं प्रमाणपत्र मिळालं तर गच्ची अवघड नाही.

साक्रीचा तो मुलगा तासभर गप्पच होता. शेवटी मी त्यालाच विचारलं, घरी काय करतोस? म्हणाला, "विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर मीच खोलतो. कॉन्टॅक्ट घासून लावतो." वडील त्याच्याकडे वळून बघायला लागले. आम्ही आयटीआयचा विकल्प अर्ज काढला. पहिल्या रकान्यात वीजतंत्री लिहिलं, दुसऱ्यात तारतंत्री, तिसऱ्यात सोलर टेक्निशियन. वडिलांनी खिशातून पेन काढून त्याच्या हातात दिलं आणि मला विचारलं, "धुळ्याला वसतिगृह मिळेल ना सर?"