वळवलेले मूल की घाबरलेले मूल?



नवरा-बायको वेगळे होतात, मूल आईकडे राहते आणि काही महिन्यांनी ते वडिलांना भेटायला नकार देऊ लागते. वडील म्हणतात, "तिने पोराचे कान भरले." आई म्हणते, "पोर त्यांना घाबरते." कौटुंबिक न्यायालयात ही दोन्ही वाक्ये नेहमीचीच. त्यातल्या पहिल्या वाक्याला 'पॅरेंटल एलिअनेशन' असे भारदस्त नाव मिळाले आहे. आपण त्याला पालक-दुरावा म्हणू या. वकिलांच्या कागदांतून हा शब्द आपल्या घरांपर्यंत येऊ लागला आहे, म्हणून तो नीट समजून घेणे बरे.

रिचर्ड गार्डनर या अमेरिकन बालमनोविकारतज्ज्ञाने 1985 साली ही कल्पना मांडली. एक पालक मुलाच्या मनात दुसऱ्याविषयी विष कालवतो आणि मूलही त्यात स्वतःची भर घालून चांगल्या आईला किंवा वडिलांना झिडकारते, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी याला 'सिंड्रोम', म्हणजे लक्षणसमूह, असे नाव दिले. फार टोकाला गेलेल्या प्रकरणांत मुलाचा ताबाच बदलावा, असा उपाय त्यांनी सुचवला.

खरी अडचण त्यांच्या लक्षणांच्या यादीतच आहे. "मला कोणी शिकवलेले नाही, हे माझे स्वतःचे मत आहे," असे मुलाने ठासून सांगितले, तर तेही एक लक्षण! म्हणजे "आईने शिकवले" असे मूल म्हणाले तर आरोप सिद्ध, आणि "नाही शिकवले" म्हणाले तरी आरोपाला बळकटीच. सेमिनरीत तर्कशास्त्र शिकताना आम्हाला अशा युक्तिवादापासून सावध राहायला शिकवले होते. जो दावा कोणत्याच उत्तराने खोटा ठरू शकत नाही, तो काहीच सिद्ध करत नाही. आणि ज्या मुलाने घरात खरोखर मारहाण पाहिली, त्याने बोलावे तरी कसे?

मानसोपचारतज्ज्ञांच्या अमेरिकन संघटनेने 2013 साली प्रसिद्ध केलेल्या आजारांच्या सूचीत हा सिंड्रोम घेतला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या नव्या वर्गीकरणाच्या शब्दसूचीत आलेला हा शब्द 2020 साली काढून टाकला. 2023 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदक रीम अल्सालेम यांनी तर कौटुंबिक खटल्यांत या कल्पनेच्या वापरावर कायद्याने बंदी घालावी, अशी शिफारस केली. अमेरिकेतील जोन मायर यांच्या 2019 च्या अभ्यासात असे दिसले की वडिलांनी हा आरोप केला की छळाची तक्रार करणाऱ्या आईने ताबा गमावण्याचे प्रमाण जवळजवळ दुप्पट होते. 2021 साली जेनिफर हार्मन व त्यांच्या सहकाऱ्याने या निष्कर्षांना आव्हान दिले. वाद मिटलेला नाही.

मात्र आजार खरा नाही म्हणून कान भरणेही खोटे, असे कोणी समजू नये. "पप्पांनी आपल्याला टाकले," असे सहा वर्षांच्या लेकराला रोज ऐकवणारी आजी आपल्यातच असते. भेटीच्या दिवशीच मुलाला नेमका ताप येतो. आईचा फोन आला की मोबाइल बंद करणारे वडीलही आहेत. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2016 च्या 'अमोरिस लेतिचिया' या पत्रात विभक्त आईवडिलांना कळवळून विनविले होते की मुलाला कधीही ओलीस धरू नका.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये एका निकालात या कल्पनेची दखल घेतली. लहानपणापासून वडिलांकडे वाढलेल्या मुलीचा ताबा तेव्हा आईला मिळाला. 2024 मध्ये त्याच न्यायालयाने दुसऱ्या प्रकरणात सावध केले : घाईने कोणावर हा शिक्का मारू नका, आधी मुलाला तोडणारे नेमके वर्तन कोणते ते दाखवा. त्या खटल्यात आरोप आईने केला होता. मुलांना वडिलांकडे राहायचे होते आणि ती तिथेच राहिली. 1890 चा पालक व पाल्य कायदाही मुलाचे हितच पाहायला सांगतो, आणि मूल समजण्याइतके मोठे असेल तर त्याची इच्छा न्यायाधीश विचारात घेऊ शकतात.

काही कुटुंबीय आमच्याकडे 'मुलाला फितवले आहे' असे पत्र मागायला येतात. बाप्तिस्म्याचा दाखला आम्ही आनंदाने देतो, हा दाखला देता येत नाही. बंद दारामागे काय घडले ते आम्ही पाहिलेले नसते. विवाह रद्दबातल ठरवण्यासाठी धर्मप्रांतीय न्यायासनाकडे गेलेल्यांनीही लक्षात घ्यावे की ते न्यायासन विवाहाची वैधता तपासते. ताब्याचा प्रश्न सरकारी न्यायालयाचाच. तिथल्या समुपदेशकांना तारखा आणि घटना सांगा : कोणती भेट हुकली, कोणता फोन घेतला नाही, मूल नेमके काय म्हणाले. मारहाण झाली असेल तर तेही पहिल्याच दिवशी सांगा. घराण्याची अब्रू म्हणून दोन वर्षे लपवलेली गोष्ट नंतर सांगितली, तर वकील तिलाच रचलेली म्हणतात.