आधी घड्याळ बघ

हे बघ बाळा, सुदुंबऱ्यापासून चाकणपर्यंत कुठल्याही कारखान्यात आयपी फोन बंद पडले आणि पडद्यावर सर्टिफिकेटचं नाव दिसलं, की लोक थेट सर्टिफिकेट बदलायला बसतात. तू आधी विचार, लाईट कधी गेली होती?

मावळात पावसाळ्यात ती जाणारच. बऱ्याच फोनांत घड्याळाला सेल नसतो. लाईट आली की फोन जागा होतो तो १ जानेवारी १९७० या तारखेला. सर्व्हरचं सर्टिफिकेट यंदाचं, म्हणजे त्याच्या लेखी ते अजून जन्मायचंय. मग तो ते नाकारतो. राउटरला उठायला वेळ लागतो, तोवर फोनने वेळ विचारलेली असते आणि उत्तर आलेलं नसतं. राउटर नीट चालू होऊ दे, मग फोन बंद करून लाव. पुष्कळदा तेवढ्यावरच मिटतं. नाहीच मिटलं तर डीएनएस चालतोय का आणि फायरवॉलने १२३ नंबरचा यूडीपी पोर्ट अडवलाय का, ते बघ. वेळ तिथूनच येते.

घड्याळ बरोबर असेल तर नाव जुळव. सर्टिफिकेट सर्व्हरच्या नावाचं असतं आणि फोनमध्ये कुणीतरी नुसता आयपी भरून ठेवलेला असतो.

मग साखळी. तलाठ्याच्या सहीला वजन येतं ते वर वडगावला तहसीलदार बसलाय म्हणून, इथंही तसंच. सर्व्हरने मधलं सर्टिफिकेट सोबत पाठवलंच पाहिजे. लॅपटॉपवर पान उघडलं म्हणून निश्चिंत होऊ नकोस. ब्राउझर मधला दुवा बहुधा स्वतः मिळवतो, फोन मिळवत नाही. सगळ्यात वरचं रूट मात्र फोनच्या पोटात हवं. ३० सप्टेंबर २०२१ ला 'डीएसटी रूट सीए एक्स३' हे रूट संपलं. लेट्स एन्क्रिप्टची सर्टिफिकेटं त्याच्या भरवशावर मानणारी जुनी यंत्रं जगभर अडली. अशा वेळी फोनला नवं फर्मवेअर किंवा नवं रूट द्यावं लागतं.

अजून एक. मुदत संपली तरी चालू जोडणी लगेच तुटत नाही. लाईट जाते, फोन नव्याने जोडायला जातात आणि सगळे एकदम पडतात. दोष लाईटवर येतो. म्हणून मुदतीची तारीख वहीत लिहून ठेव. १५ मार्च २०२९ पासून सार्वजनिक सर्टिफिकेट जास्तीत जास्त ४७ दिवसांचं मिळणार आहे, तेव्हा नूतनीकरण आपोआप होईल अशी सोय आत्ताच कर. नवं आल्यावर सर्व्हरने ते वाचलंय ना, तेही तपास.

'पडताळणी बंद कर, लगेच चालेल,' असं सांगणारे भेटतील. ऐकायचं नाही. मग मध्ये बसलेला कुणीही फोनची सेटिंग फाईल उचलू शकतो. तिच्यात पासवर्ड असतो. रात्रीतून परदेशी फोन लागतात आणि बिल मालकाला येतं.

फोनवर हिरवा दिवा लागला म्हणून निघू नकोस. गेटवरच्या फोनवर आपल्या मोबाईलवरून कॉल कर, तिथून बाहेर करून बघ, दोन्हीकडचा आवाज ऐक. अपघात झाला तर वॉचमन तोच फोन उचलणार आहे.