बोटीचा रॉ वॉटर पंप गळतोय? आधी थेंब कुठून पडतो ते बघा, मग दर सांगा



किनारपट्टीवर राहून सर्व्हिसचा धंदा सुरू करायचाय, पण मोठं भांडवल नाही, अशांसाठी आजचा धडा आहे. काम एकच: बोटीच्या डिझेल इंजिनाचा गळका रॉ वॉटर पंप दुरुस्त करणं. हत्यारं मोजकी लागतात, गाळा लागत नाही, आणि हर्णै असो की मालवण, जेट्टीवर गिऱ्हाईक आहेच. व्हिडिओत हात कसा चालतो ते दिसतं. इथे क्रम आणि हिशेब देतोय, वहीत उतरवून घ्या.

पंपाचं काम काय?

सी-कॉकमधून समुद्राचं पाणी आत येतं, जाळीतून गाळलं जातं आणि या पंपातला रबरी इम्पेलर ते पुढे हीट एक्स्चेंजरकडे ढकलतो. तिथे इंजिनातलं गोडं पाणी थंड होतं आणि खारं पाणी बहुतेक बोटींत एक्झॉस्टबरोबर बाहेर पडतं. पंप बंद पडला की इंजिन तापतं. म्हणजे भर समुद्रात तांडेल आणि खलाशी अडकले. म्हणून हे काम छोटं असलं तरी जबाबदारी मोठी आहे.

पहिली पायरी: निदान

पंप आणि आजूबाजूचा भाग कापडाने कोरडा करा. इंजिन चालू करून टॉर्च मारून बघा. हात, बाही, कापड पट्ट्यापासून लांब. गळती साधारण तीन ठिकाणी सापडते.

१. होजच्या जोडातून: क्लिप गंजली किंवा होज कडक झाला. क्लिप आणि गरज असेल तर होज बदला, पंप खोलू नका.

२. पुढच्या कव्हरच्या कडेने: पॅकिंग किंवा ओ-रिंग गेली, स्क्रू सैल झाले किंवा कव्हर वाकलं. तासाभराचं काम.

३. पंपाच्या पोटाखालच्या बारीक भोकातून: खरा धडा इथे आहे.

हे भोक कंपनीने मुद्दाम ठेवलेलं असतं. पंपाच्या शाफ्टवर एका बाजूला पाण्याचं सील, दुसऱ्या बाजूला ऑइल सील, आणि दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेतून हे भोक बाहेर निघतं. तिथून पाणी आलं तर पाण्याचं सील गेलं. ऑइल आलं तर ऑइल सील गेलं. म्हणजे भोक हा बिघाड नाही, ती धोक्याची घंटा आहे.

काही जण एम-सील लावून हे भोक बुजवतात. गळती थांबल्यासारखी दिसते, पण पाणी जायचं कुठे? ते आतल्या बाजूला वळतं. पट्ट्यावर चालणाऱ्या पंपात बेअरिंग गंजतं. थेट इंजिनाच्या गिअरवर बसलेल्या पंपात तेच खारं पाणी इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरू शकतं. डिपस्टिक काढून बघा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं, तर इंजिन अजिबात चालवायचं नाही. ऑइलमध्ये पाणी आलं कुठून, ते आधी शोधायचं.

दुसरी पायरी: खोलणं

- सी-कॉक बंद करा, इंजिनाची चावी काढून सी-कॉकच्या दांड्याला बांधा. काम संपल्यावर कॉक उघडल्याशिवाय चावी हातात येणार नाही. इम्पेलर कोरडा फिरला तर थोड्याच वेळात जळतो.
- कव्हर काढून इम्पेलर पुलरने ओढा. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटलं तर बॉडीला ओरखडे पडतात. पाती मोजा. एखादी तुटलेली असेल तर तो तुकडा शोधायचाच. तो बहुतेक हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकलेला सापडतो.
- शाफ्ट बोटांनी वर-खाली हलवून बघा. खेळ जाणवला तर बेअरिंग गेलंय. पट्टा गरजेपेक्षा ताणलेला असेल तर आधी बेअरिंग जातं, मग शाफ्ट डुलतो आणि सील झिजतं. अशा वेळी नुसतं सील बदललं तर तेही टिकणार नाही.
- सील बसतं त्या जागी शाफ्टवर नख फिरवा. नख अडकलं म्हणजे खाच पडली. तिथे नवं सीलही गळणार. शाफ्ट बदला, किंवा तिथे पातळ स्टेनलेस स्लीव्ह बसवता येते का ते बघा.

तिसरी पायरी: सामान आणि जोडणी

जुन्या सीलचे तीन आकडे लिहून घ्या: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. बेअरिंगवर नंबर छापलेला असतो. उदा. ६२०३ म्हणजे १७ मिमी भोक, ४० मिमी बाहेरचा व्यास, १२ मिमी जाडी. दुकानात आणखी एक गोष्ट विचारा: लिप सीलच्या आतली स्प्रिंग स्टेनलेसची आहे का? साध्या पोलादाची स्प्रिंग खाऱ्या पाण्यात गंजते.

बेअरिंग बॉडीत दाबताना जोर बाहेरच्या कड्यावर, शाफ्टवर चढवताना आतल्या कड्यावर. सील सरळ बसवा, तिरकं गेलं तर काढून टाका. इम्पेलरला ग्लिसरीन किंवा साबणाचं पाणी लावा, ग्रीस नको. कव्हरचे स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. पॅकिंग मूळ जाडीचंच हवं, जाड घातलं तर पंप पाणी नीट ओढत नाही.

सी-कॉक उघडा, इंजिन चालू करा. एक्झॉस्टमधून पाणी येतंय ना? भोकाखाली कोरडा कागद धरा. थोडा वेळ चालवून पुन्हा बघा, शेवटी डिपस्टिक तपासा. हे सगळं बोटमालकासमोर करा.

आता धंद्याचं बोलू

फोनवर दर सांगू नका. "दादा, बघितल्याशिवाय आकडा देत नाही" असं स्पष्ट सांगा. पाहणीचे पैसे वेगळे ठरवा, काम मिळालं तर बिलातून वजा करा.

समजा (आकडे फक्त हिशेबासाठी), घाईत नुसतं सील बदलून १,२०० रुपये घेतले. सामान ४००, पेट्रोल २००, उरले ६००. शाफ्टला खाच होती म्हणून पंप पुन्हा गळला. परत सामान ४००, पेट्रोल २००. उरलं शून्य, दोन दिवस गेले, आणि जेट्टीवर नाव खराब झालं ते वेगळंच.

म्हणून झिजलेले भाग मालकाच्या हातात द्या, त्याचं नख त्या खाचेवर फिरवू द्या, आणि पूर्ण कामाचा दर सांगा. तो नुसत्या सीलवरच अडला तर बिलावर लिहा: "शाफ्टला खाच आहे, गॅरंटी नाही." शब्द गोड ठेवा, पण लिहिल्याशिवाय पंप जोडू नका.

हंगामाचंही गणित मांडा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदीत बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. ओव्हरहॉलची कामं तेव्हा मिळतात. बंदी उठल्यावर येतात ती तातडीची कामं, त्यासाठी नेहमी लागणारी सील आणि इम्पेलर जवळ हवेत. कोणते? ते तुमची वहीच सांगेल.

गृहपाठ: जवळच्या जेट्टीवर जा. मालकांना विचारून दहा बोटींची नोंद करा: बोटीचं नाव, इंजिन, पंपाच्या पाटीवरचा नंबर, पट्ट्यावर की गिअरवर, भोक उघडं की बुजवलेलं. ज्यांचं भोक बुजवलेलं सापडेल, त्यांना आजच सावध करा, पैसे न घेता. पंप गळला की त्यांना पहिला तुमचाच नंबर आठवेल.