नेमलेली वेळ
शास्त्रपाठ : इफिसकरांस पत्र ५:१५-१६

या वचनात पौलाने वेळेसाठी ‘कैरोस’ हा ग्रीक शब्द वापरला आहे. कैरोस म्हणजे नेमलेली, योग्य वेळ. ती मोल देऊन सोडवून घ्या, असे तो सांगतो.

पेठ-सुरगाण्याच्या शेतकऱ्याला हे शिकवावे लागत नाही. पाऊस लागला की भाताची आवणी. रोप जून झाले की उतारा घटतो. दिवाळीनंतर हीच कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात आणि अनेक मुलांची शाळा सुटते. त्या मुलांसाठी उभे राहायचे तर ते कुटुंब गाव सोडण्याआधीच. आपण ‘सवडीने पाहू’ म्हणतो, तोवर हंगाम निघून जातो.

मननासाठी : या आठवड्यात प्रभूने माझ्यापुढे कोणती संधी ठेवली आहे? तिच्यासाठी मी काय मोल देईन?